‘केस जुळला’ म्हणजे नेमकं काय जुळलं?

घटनास्थळी सापडलेला केस आरोपीच्या केसाशी जुळला असं वाचलं की आपण डीएनएच गृहीत धरतो. पण अमेरिकेतल्या कोर्टांत वर्षानुवर्षं हे वाक्य नुसत्या सूक्ष्मदर्शकाच्या भरवशावर बोललं गेलं.

सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञ दोन केस शेजारी ठेवून रंग, जाडी, रंगकणांची ठेवण, आतला गाभा बघतो. फार तर ‘सारखे दिसतात’ म्हणता येतं. तसेच केस आणखी किती डोक्यांवर असतील, याची मोजदाद कुणी केलेलीच नाही.

वॉशिंग्टनमध्ये 1978 साली एका टॅक्सीचालकाचा खून झाला. जवळच स्टॉकिंगचा मुखवटा सापडला, त्यात 13 केस. त्यातला एक 17 वर्षांच्या सॅन्टे ट्रिबलच्या केसाशी जुळतो, अशी साक्ष एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या तज्ज्ञाने दिली. सरकारी वकील तर ज्यूरीसमोर म्हणाले, तो दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता कदाचित एक कोटीत एक! हा आकडा हवेतला होता. पुढे डीएनए चाचणी झाली तेव्हा 13 पैकी एकही केस ट्रिबलचा निघाला नाही. एक तर कुत्र्याचा होता. 2012 मध्ये तो निर्दोष ठरला. तोवर 28 वर्षं तुरुंगात गेली होती.

आता डीएनएचं. मुळाशी पेशी असतील तर माणूस जवळजवळ नक्की ओळखता येतो. गळलेल्या केसाला मात्र बहुतेकदा त्या नसतात. मग केसाच्या दांड्यातला मायटोकॉन्ड्रियल (पेशीच्या केंद्रकाबाहेरचा) डीएनए काढतात. तो आईकडून येतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांचा, मामा-मावशीचाही सारखाच. म्हणजे ‘याचाच’ हे इथेही छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘याचा नाही’ हे मात्र सांगता येतं, आणि ट्रिबलला तेवढंच हवं होतं.

2002 साली प्रसिद्ध झालेल्या एफबीआयच्याच अभ्यासात सूक्ष्मदर्शकाने जुळवलेल्या 80 केसांपैकी 9 डीएनए चाचणीत वेगळ्याच माणसांचे निघाले. 2015 मध्ये एफबीआयने कबूल केलं, की केसांची साक्ष आरोपीविरुद्ध गेलेल्या 268 खटल्यांपैकी 257 मध्ये त्यांच्या तज्ज्ञांची विधानं चुकीची होती. म्हणून ते सगळे आरोपी निर्दोष ठरत नाहीत, इतर पुरावाही असतो. पण या 268 पैकी किमान 35 खटल्यांत मृत्युदंड सुनावला गेला होता, आणि फेरतपासणी होईपर्यंत 9 जणांना तो देऊनही झाला होता.