किशोर विमानकथांचा संग्रह (नागपूर)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि त्यानंतरही दोनेक दशके, किशोरवाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या विमानसाहसकथांच्या जुन्या प्रती शोधून जपण्याचा छंद. पुस्तके बहुतेक इंग्रजी, ब्रिटिश किंवा अमेरिकी छापाची. नागपुरात हा नाद असलेले मोजकेच आहेत. रद्दीवाल्याच्या लेखी मात्र हा सगळा माल एकच : ‘विमानवाली पुस्तकं’. ‘घ्या न भाऊ, विमानवालं आहे,’ म्हणून तो प्रत पुढे करतो. ती १९३५ ची की १९६५ ची, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

या कथाप्रकाराचे मूळ विमानापेक्षाही जुने आहे. ज्यूल व्हर्नने बलूनमधून आफ्रिका ओलांडणारे प्रवासी १८६३ मध्येच रंगवले होते. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडला आणि त्याच वर्षी अमेरिकेत ‘टेड स्कॉट’ ही किशोर विमानकथांची मालिका निघाली. १९४३ पर्यंत तिची वीस पुस्तके झाली. त्यांवर लेखक म्हणून फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन हे नाव आहे. हार्डी बॉईज ही किशोर गुप्तहेरांची मालिका वाचलेल्यांना ते ओळखीचे वाटेल, कारण तिच्यावरही हेच नाव आहे. या नावाचा माणूसच नव्हता. स्ट्रेटमायर सिंडिकेट ही संस्था कथानके ठरवून निरनिराळ्या लेखकांकडून लिहून घेई आणि वर हे टोपणनाव छापी.

संग्राहकांचा खरा जीव अडकतो तो बिगल्स या ब्रिटिश वैमानिक नायकाच्या पुस्तकांमध्ये. डब्ल्यू. ई. जॉन्स (१८९३–१९६८) याने हा वैमानिक १९३२ मध्ये एका मासिकात उभा केला आणि त्याच वर्षी पहिला कथासंग्रह काढला, ‘द कॅमल्स आर कमिंग’. यातले कॅमल म्हणजे उंट नव्हेत, पहिल्या महायुद्धातली सॉपविथ कॅमल ही लढाऊ विमाने. तेव्हा ढिगाऱ्यात प्राणिकथांच्या थप्पीवरूनही एकदा नजर फिरवलेली बरी. जॉन्स स्वतः बाँबफेकी विमाने चालवत असे. सप्टेंबर १९१८ मध्ये त्याचे विमान पाडले गेले आणि तो जर्मनांच्या कैदेत पडला. पुस्तकांवर तो ‘कॅप्टन’ म्हणून मिरवतो, पण हवाई दलातला त्याचा हुद्दा फ्लाइंग ऑफिसरचा होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने वॉरल्स ही वैमानिक नायिकाही आणली.

कोणती आवृत्ती हाती आली, हा प्रश्न इथे नुसत्या हौसेचा नाही. सुरुवातीच्या एका कथेत वैमानिकांमध्ये व्हिस्कीच्या खोक्यासाठी पैज लागते. पुढे पुस्तके लहान मुलांसाठी म्हणून नव्याने छापली गेली, तेव्हा त्या खोक्यात लेमोनेड आले. मूळ मजकूर हवा असेल तर जुनी प्रतच गाठावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश प्रती ओळखणे सोपे : कागद पातळ, समास अरुंद, आणि आत पुस्तकावर बसलेल्या सिंहाचे, युद्धकाळातल्या कागदाच्या काटकसरीचे चिन्ह. या पुस्तकांतल्या शौर्याला साम्राज्याचा तोरा चिकटलेला आहे, हेही सांगायला हवे. बिगल्स भारतात जन्मला असे लेखकच सांगतो, पण भारतीय माणूस त्याच्या जगात क्वचितच बरोबरीने वावरतो.

नागपूरचा आणि विमानांचा संबंध पुस्तकी नाही. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा हा फायदा. रात्री गच्चीवर झोपणाऱ्या पोराला वरची घरघर ऐकू यायची आणि उशाखाली तसलेच पुस्तक असायचे, असा तो योग. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही याच शहरात आहे. इंग्रजी पुस्तके येण्याच्या वाटाही होत्या : मध्य प्रांताची राजधानी म्हणून सिव्हिल लाइन्समधले बंगले, रेल्वेच्या वसाहती, मिशनच्या शाळा. घर बदलले, बदली झाली, की कपाट रिकामे होई आणि माल किलोवर विकला जाई.

नागपुरात अशा प्रतीचे हाल कागदाच्या जातीने आणि हवेने मिळून होतात. स्वस्त लगद्याचा आम्लयुक्त कागद आधीच तपकिरी पडत असतो. त्यावर मे महिन्यातला ४५ अंशांचा कोरडा उन्हाळा आला की बांधणीचा डिंक तडकतो, आणि पान मुडपले तर कोपरा पापडासारखा हातात येतो. त्याच खोलीत कूलर लावला की हवा एकदम दमट. ओल्या ताट्यांच्या वाऱ्यात पुठ्ठे फुगतात, कसर धरते. म्हणून पुस्तकांचे कपाट कूलरच्या खोलीत ठेवू नये, हा इथला पहिला नियम. डांबरगोळ्या, वेखंड, कडुनिंबाचा पाला हे घरोघरचे उपाय चालतात. पाला पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर त्याचाच डाग पडतो.

परदेशी संग्राहक वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत कमी किमतीची धरतात. नागपूरपुरता हा हिशेब उलटा मांडावा. मुखपृष्ठाच्या आत जांभळा गोल शिक्का, दाखलनोंदीचा क्रमांक, मागे चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखांची उतरंड आणि पेन्सिलीने कुणीतरी काढलेले दोन पंखांचे विमान : पुस्तक इथवर कसे पोचले आणि किती हातांतून गेले याचा तेवढाच पुरावा उरतो. रंगीत वेष्टन टिकलेले नसतेच. ते मुलांनीच आधी फाडलेले असते. शिक्के खोडून ‘स्वच्छ’ केलेली प्रत घेण्यात अर्थ नाही.

मराठी कप्पा लहान आहे. आपल्या किशोरसाहित्यात किल्ले, भुयारे, जंगले आणि गुप्तहेर भरपूर, पण विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेला नायक विरळा. त्यामुळे संग्राहक भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या व्हर्नच्या कथाही याच फळीवर लावतात. त्यांच्या जुन्या प्रती सापडतात त्या बहुधा वाचनालयाच्या बाइंडिंगमध्ये : मूळ मुखपृष्ठ कापून काढलेले, वर काळा पुठ्ठा आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर.