मुलांचा होमर : काय ठेवायचे, काय गाळायचे

प्राचीन ग्रीक कवी होमरची दोन महाकाव्ये, ट्रॉयच्या युद्धाचे 'इलियड' आणि त्या युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसचे 'ओडिसी', मुलांसाठी रचलेली नव्हती, पण मुलांच्या वाट्याला ती फार लवकर आली. प्राचीन ग्रीकांच्या शिक्षणात होमरचे पाठांतर असायचेच. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर विद्यार्थ्यांनी गिरवलेल्या होमरच्या ओळी आजही वाचता येतात. ती मुले मूळ काव्यच शिकत होती. तेच सोप्या गद्यात मुलांना सांगण्याची रीत बरीच अलीकडची.

फ्रान्समध्ये फेनेलों या धर्मगुरूने राजपुत्राला शिकवताना ओडिसियसच्या मुलाची, टेलेमाकसची कथा लिहिली. १६९९ मध्ये ती छापून आली आणि तिच्यात आपल्यावर टीका आहे असे वाटून राजा चौदावा लुई संतापला. पण ती होमरच्या आधाराने रचलेली नवी बोधकथा होती.

खरे वळण आले १८०८ मध्ये, इंग्रज लेखक चार्ल्स लॅमच्या 'युलिसिसची साहसे' या छोट्या पुस्तकाने. (युलिसिस हे ओडिसियसचेच रोमन नाव.) दहा वर्षांनी ज्या कंपनीने पेशवाई बुडवली, तिच्याच लंडनमधल्या कचेरीत लॅम तेव्हा हिशेबाचे काम करत होता. चॅपमनचे दोनशे वर्षे जुने इंग्रजी भाषांतर त्याने समोर ठेवले, लांबलचक भाषणे आणि वर्णने छाटली आणि गोष्टीला वेग दिला. मूळ 'ओडिसी' मधूनच सुरू होते. नायक प्रत्यक्ष भेटतो तो पाचव्या सर्गात, आणि एकडोळ्या राक्षसापासूनची बहुतेक साहसे तो स्वतःच नवव्या ते बाराव्या सर्गांत मागे वळून सांगतो. लॅमने ट्रॉयहून निघालेल्या जहाजांपासूनच सुरुवात केली.

प्रकाशक होता विल्यम गॉडविन. राक्षस माणसे फाडून खातो ती वर्णने मुलांच्या पुस्तकात नकोत, असे त्याचे म्हणणे पडले. लॅमचे उत्तर उपलब्ध आहे आणि मला ते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे कागदपत्र वाटते. राक्षसाच्या ओकारीचा भाग खरोखर किळसवाणा होता, तो काढला, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले. बाकीच्याला मात्र हात लावायला तो तयार नव्हता. दचकवणारे काही नको असेल तर नरभक्षकांनी भरलेली गोष्ट निवडायलाच नको होती. लंडनच्या सगळ्या प्रकाशकांनी पुस्तक नाकारले तरी बेहत्तर, असे त्याने बजावले. पुस्तक निघाले आणि टिकले. पुढे डब्लिनच्या शाळेत ते वाचलेल्या जेम्स जॉइसने, म्हणजे 'युलिसिस' कादंबरीच्या लेखकाने, आवडता नायक म्हणून युलिसिसवर निबंध लिहिला होता.

जर्मनीत गुस्ताव श्वाबच्या ग्रीक आख्यायिका १८३८ ते १८४० या काळात तीन खंडांत आल्या. इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्लीने १८५६ मध्ये स्वतःच्या मुलांसाठी जेसन आणि सोनेरी लोकरीची मोहीम सांगितली.

'इलियड'चे दुखणे आणखी वेगळे. ट्रॉय ज्याच्यामुळे पडले तो लाकडी घोडा त्यात नाहीच. काव्य संपते ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापाशी. म्हणजे युद्धाचा आरंभ आणि शेवट कुठून तरी आणून जोडणे आलेच. आयरिश कवी पॅड्रिक कोलमने १९१८ मध्ये यावर फार सुंदर तोड काढली. त्याचे पुस्तक टेलेमाकसपासून सुरू होते. बापाच्या शोधात निघालेला हा मुलगा ट्रॉयच्या युद्धात लढलेल्या मेनेलॉस राजाच्या घरी पोचतो आणि ट्रॉयची हकिगत तिथे ऐकतो. ऐकणाराच मुलगा असल्यावर वाचणारे मूल त्याच्या शेजारी बसल्यासारखेच होते. ही कल्पना होमरच्याच चौथ्या सर्गात आहे. कोलमने ती ओळखली आणि फुलवली.

आजही अडचण येते ती बाविसाव्या सर्गाशी. ओडिसियसच्या बायकोच्या, पेनेलोपीच्या मागे लग्नासाठी लागलेल्यांना ठार केल्यावर ओडिसियसचा मुलगा बारा दासींना फासावर लटकवतो. राक्षसाची गुहा रंगवून सांगणारी बरीच बालपुस्तके हा प्रसंग मुकाट्याने वगळतात. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ते मला पटते. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला मात्र तो सांगायला हवा, कारण आपल्या लाडक्या नायकाने हे बरोबर केले का, हा प्रश्न त्या वयाची मुले स्वतःहून विचारतात.