शंभर बेक्वेरलची रेघ : फुकुशिमाच्या मासळीची पार्श्वभूमी

मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर जपानच्या फुकुशिमा दाइची अणुप्रकल्पातून किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडले. एप्रिलच्या सुरुवातीला शेजारच्या इबाराकी प्रांताच्या उत्तर टोकाला, किताइबाराकीजवळ पकडलेल्या कोनागो या बारीक मासळीत किलोमागे 4,080 बेक्वेरल (एक बेक्वेरल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन) किरणोत्सारी आयोडीन-131 सापडले. हा आकडा जास्त की कमी, हे सांगायला तेव्हा मर्यादाच नव्हती. 17 मार्चला घाईघाईने लागू झालेल्या तात्पुरत्या मर्यादांत पाणी, दूध आणि भाजीपाला यांच्यासाठी आयोडीन होते. मासळीसाठी होते फक्त सीझियम, किलोमागे 500. आयोडीनचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे होण्याचा काळ, आठ दिवसांचा, मासा ताटात पडेपर्यंत ते विरून जाईल, असा हिशेब होता. कोनागो म्हणजे काही सेंटिमीटरची पिल्ले. ती वरच्या पाण्यात, किनाऱ्यालगत थव्याने फिरतात आणि बंदरात उतरली की लगेच उकडायला जातात, हे त्या हिशेबात नव्हते. 5 एप्रिलला भाजीची 2,000 ची मर्यादा उचलून मासळीला लावण्यात आली. जमिनीवरचे माप समुद्राला लावण्याची ही पहिली वेळ. दुसरी वर्षभरात आली आणि तिचे परिणाम अजून टिकून आहेत.

प्रकल्पातल्या दुसऱ्या अणुभट्टीच्या जलद्वाराजवळच्या खड्ड्याला गेलेली भेग याच आठवड्यात बुजवली जात होती. काँक्रीट टिकले नाही, पाणी शोषणारी भुकटीही कामी आली नाही. अखेर भोवतालच्या थरांत सोडियम सिलिकेटचे द्रावण टोचल्यावर 6 एप्रिलला गळती थांबली. तोवर सुमारे 520 टन पाणी आणि त्यातून अंदाजे 4,700 लाख कोटी बेक्वेरल समुद्रात गेले होते. कमी दूषित पाण्याचे सुमारे 10,000 टन 4 एप्रिलपासून मुद्दाम सोडले गेले ते वेगळेच. किरणोत्साराच्या हिशेबात ते या गळतीपुढे नगण्य होते, पण शेजारी देशांच्या लक्षात राहिले ते हेच, कारण ते ठरवून सोडले होते. 13 एप्रिलला फुकुशिमा प्रांतातल्या इवाकीच्या किनाऱ्यावरच्या कोनागोत सीझियम 12,500 निघाले आणि 20 एप्रिलला फुकुशिमाच्या कोनागोवर सरकारी बंदी आली. बाकीची मासेमारी मच्छीमारांनी आपणहून आधीच थांबवली होती.

जपानला हा अनुभव नवा नव्हता. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने बिकिनी बेटावर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनंतर बंदरांत किरणोत्सार मोजणारे गायगर काउंटर घेऊन माणसे उभी राहिली. माशापासून 10 सेंटिमीटरवर मिनिटाला 100 ठोके मिळाले की तो ट्यूना फेकायचा, असा नियम होता. शेकडो बोटींची मासळी अशी पुरली किंवा समुद्रात टाकली गेली आणि वर्ष संपताना तपासणीच बंद झाली. चेर्नोबिलनंतर आयात अन्नासाठी किलोमागे 370 ची मर्यादा आली. देशातल्या अन्नासाठी कायमची मर्यादा मात्र 2011 पर्यंत कुणी ठरवली नव्हती.

ती ठरली 1 एप्रिल 2012 ला: सर्वसाधारण अन्न 100, दूध आणि तान्ह्या मुलांचे अन्न 50, पिण्याचे पाणी 10. यातला 100 आला कसा, हे पाहण्यासारखे आहे. तात्पुरत्या मर्यादा वर्षाला 5 मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे माप) या आधारावर होत्या. नव्यासाठी 1 मिलिसिव्हर्ट धरला. त्यातला सुमारे 0.1 पाण्याला दिला, उरलेला सगळ्या अन्नाला. मग वय आणि लिंगानुसार लोकसंख्येचे गट पाडून कोण किती खातो ते घेतले, आणि खाल्लेल्यातले निम्मे अन्न थेट मर्यादेइतके दूषित आहे असे मानले. सर्वांत खालची मर्यादा निघाली 13 ते 18 वर्षांच्या मुलग्यांची, 120. सर्वांत जास्त खाणारा गट तोच. 120 चे खाली ओढून 100 केले. याच तक्त्यात वर्षाखालच्या बाळांसाठी 460 निघत होते. तरी काळजी म्हणून त्यांच्यासाठी 50 वेगळे ठेवले.

आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेतला आकडा 1,000 आहे. तोही 1 मिलिसिव्हर्टवरच बेतलेला आहे, पण त्यात दूषित अन्नाचा वाटा 10 टक्के धरला आहे. म्हणजे दहापट फरकाचा मोठा भाग मुलांच्या सुरक्षिततेतून आलेला नाही. ताटातले किती अन्न दूषित मानायचे, या एका गृहीतकातून आला आहे. युरोपात अणुदुर्घटनेच्या प्रसंगासाठी सर्वसाधारण अन्नाला 1,250 ठरलेले होते आणि जपानहून येणाऱ्या अन्नाला मात्र जपानचाच आकडा लावला गेला. एकाच बाजारात दोन मापे.

समुद्राच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. तपासायचे फक्त सीझियम. स्ट्राँशियम-90, रुथेनियम, प्लुटोनियम यांचा वाटा मर्यादेत आधीच मिसळून टाकायचा, अशी ही रचना. जमिनीवर हा वाटा मातीतल्या प्रमाणावरून काढता आला. समुद्रासाठी पुरेसा आधार नव्हता, म्हणून बाकी सगळ्यांची मात्रा सीझियमइतकीच, म्हणजे एकास एक, धरली. सावधगिरी म्हणून हे ठीकच होते. पण 100 हा आकडा भात, भाजी, मांस आणि मासे एकत्र मोजून निघालेला. मासळीपुरता वेगळा हिशेब कुणी मांडला नाही. किरणोत्साराच्या प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळाने फेब्रुवारी 2012 मध्ये संमती देताना संबंधितांची मते विचारात घ्यावीत असा शेरा मारला. शेरा कागदावर राहिला. ‘विश्वास परत मिळवण्यासाठी’ हे कारण पुढे करण्यात आले, आणि त्या विश्वासाची किंमत ज्यांच्या बोटी बंदरात बांधून होत्या त्यांनी मोजली.

कारण 100 आणि 500 च्या मधली मासळी एका रात्रीत विक्रीबाहेर गेली. आधी मियागी प्रांतातला सुझुकी (समुद्री बास मासा), मग कॉड. 22 जूनला फुकुशिमाच्या 36 जाती. ऑगस्टमध्ये शेकडो किलोमीटर उत्तरेला आओमोरीतला कॉडसुद्धा, कारण कॉड फिरतो. सुकवलेल्या मासळीचा पेच तर आपल्या सुक्या बोंबलाचा व्यापार जाणणाऱ्याला चटकन कळेल. सुकवताना पाणी जाते, सीझियम राहते, त्यामुळे किलोमागचा आकडा कित्येक पटींनी चढतो. जे भिजवून खातात ते भिजवलेल्या स्थितीत मोजायचे ठरले. पण नोरी (समुद्री शेवाळ), निबोशी (उकडून सुकवलेली बारीक मासळी), सुकवलेले म्हाकूल हे तसेच खाल्ले जाणारे पदार्थ ओले आणि सुके, दोन्ही वेळा 100 च्या आत हवेत.

मासा स्वतः सीझियमला फार काळ धरून ठेवत नाही. समुद्रातला मासा खारे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. पोटॅशियमसारखे वागणारे सीझियमही त्या वाटेने जाते. काही आठवड्यांत ते निम्मे होते. गोड्या पाण्यातला मासा उलट क्षार राखून ठेवतो, म्हणून डोंगरातल्या नद्यांच्या इवाना आणि यामामे या माशांवरची बंदी समुद्री मासळीपेक्षा चिवट ठरली. ऑक्टोपस आणि शंख लवकर स्वच्छ झाले. तळाशी राहणारे आइनामे, कुरोसोई, पाकट हे मासे मागे राहिले: चिकणमातीला धरून बसलेले सीझियम तिथल्या किड्यांतून त्यांच्या पोटात जात राहिले. शिवाय 2011 च्या वसंतात सर्वाधिक मात्रा झेललेले मोठे, म्हातारे मासे मरेपर्यंत सरासरी खाली येत नव्हती.

म्हणून जून 2012 मधल्या चाचणी मासेमारीची सुरुवात दोन ऑक्टोपस आणि एक शंख अशा तीनच जातींनी झाली. किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या पलीकडे, 150 मीटरहून खोल पाण्यात. प्रांतातल्या मच्छीमारांनी आपली मर्यादा 50 ठेवली, सरकारी मर्यादेच्या निम्मी. लिलावापूर्वी जातवार नमुना काढायचा. खायचा भाग सोडवून, बारीक करून, डब्यात पोकळी न राहता ठासायचा. 25 च्या वर गेला तर प्रांताच्या प्रयोगशाळेत अधिक अचूक अशा जर्मेनियम शोधकावर पुन्हा मोजायचा. चुका व्हायच्या त्या इथेच. सुरी आणि फळी नीट न धुतल्यास आधीच्या माशाचा अंश पुढच्यात जातो. डबा अर्धवट भरला तर शोधकापासूनचे अंतर बदलते आणि आकडा चुकतो. नमुना कमी पडला तर शोधण्याची किमान पातळी वर जाते. ती पातळी निम्मी करायची तर चौपट वेळ मोजावे लागते, आणि पहाटेच्या बाजारात तेवढा वेळ नसतो. ‘आढळले नाही’ हा शेरा त्या पातळीशेजारी ठेवूनच वाचावा लागतो; 2 च्या खाली आढळले नाही आणि 20 च्या खाली आढळले नाही यांत फरक आहे.

फुकुशिमात 2011 च्या वसंतात निम्म्याहून अधिक नमुने 100 च्या वर होते. 2015 नंतर असा नमुना विरळाच. फेब्रुवारी 2020 मध्ये पाकटाच्या एका जातीवरची शेवटची बंदी उठली. बरोबर वर्षाने शिंचीजवळ, 24 मीटर खोलीवर, एका कुरोसोईत 500 निघाले आणि ती जात पुन्हा बंद झाली. संशय प्रकल्पाच्या बंदरावर होता. तिथे तोंडाशी जाळी लावून मासे कोंडले आहेत. 2013 मध्ये तिथल्या एका आइनामेत 7,40,000 आणि मे 2023 मध्ये एका कुरोसोईत 18,000 सापडले. जाळी वादळात फाटते, मोठा मासा निसटतो. एक मासा सगळी सरासरी खोटी पाडतो, आणि बातमी त्याचीच होते.

2013 च्या उन्हाळ्यात भूजल समुद्रात झिरपत असल्याची कबुली आली तेव्हा दक्षिण कोरियाने आठ प्रांतांच्या मासळीवर सरसकट बंदी घातली. त्यांत तोचिगी आणि गुन्मा यांना समुद्रकिनाराच नाही. जागतिक व्यापार संघटनेपुढच्या वादात 2018 चा पहिला निकाल जपानच्या बाजूने लागला, एप्रिल 2019 मध्ये अपिलात तो फिरला. बंदी राहिली.

आयोडीन आणि सीझियमनंतर तिसऱ्या वेळी प्रश्न आला ट्रिटियमचा, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाचा. प्रकल्पात टाक्यांत साठवलेले दूषित पाणी 62 किरणोत्सारी घटक काढून शुद्ध केले असे सांगितले जात होते. 2018 मध्ये उघड झाले की साठ्याचा बहुतांश भाग ट्रिटियम सोडूनही मर्यादेबाहेर आहे आणि पुन्हा गाळावा लागेल. संबंधितांना समजावल्याशिवाय विल्हेवाट लावणार नाही, असे मच्छीमारांना 2015 मध्ये लेखी दिले होते. एप्रिल 2021 मध्ये निर्णय झाला, 24 ऑगस्ट 2023 ला पाणी सुटले: समुद्रतळाखालच्या 1 किलोमीटरच्या बोगद्यातून, लिटरमागे 1,500 बेक्वेरलच्या आत, वर्षाला 22 लाख कोटींपर्यंत. मच्छीमारांच्या महासंघाचा विरोध शेवटपर्यंत कायम होता.

बाजारातली सीझियमची यंत्रे इथे निरुपयोगी आहेत. ती गॅमा किरण मोजतात आणि ट्रिटियम गॅमा सोडत नाही; त्याचा बीटा कण इतका दुबळा की मांसातून बाहेरही येत नाही. आधी मासा गोठवून सुकवायचा, निघालेले पाणी शुद्ध करून द्रव प्रस्फुरण गणकात (बीटा कणांनी द्रवात उठणारे प्रकाशाचे ठिपके मोजणाऱ्या यंत्रात) मोजायचे. सेंद्रिय रेणूंत बांधलेले ट्रिटियम हवे असेल तर सुका भाग जाळून पाणी करावे लागते; त्याला महिन्याहून जास्त लागू शकतो. पाणी सुटले त्याच दिवशी चीनने सगळ्या जपानी मासळीची आयात थांबवली. सर्वाधिक फटका बसला होक्काइदोच्या शिंपल्यांना. जून 2025 मध्ये चीनने आयात अंशतः खुली केली, तेव्हाही फुकुशिमासह 10 प्रांत बाहेरच ठेवले.