नांगर पोचत नाही तिथलं वारूळ

शेतावर गेलं की पाय आपोआप विहिरीकडे, मोटारीकडे, पिकाकडे वळतात. बांधाच्या टोकाला नांगरटीत निघालेले दगड टाकलेले असतात, बोरी-बाभळी माजलेल्या असतात. तिकडे कोण कशाला जातंय! नागपंचमीला वारूळ पुजायला जाणं होतं तेवढंच. माझ्या मते अख्ख्या शेतात निवांत पाहावी अशी जागा तीच.

वारुळाशी पोचण्याआधी वाटेतला एखादा वाळलेला शेणाचा पो उलटून पाहा. खालून मातीचा पातळ लेप असतो आणि तो फुटला की फिकट वाळवी अंधाराकडे पळत सुटते. शेण, पाचोळा, वाळकं लाकूड ती गिळते खरी, पण त्यातला चिवट भाग तिला एकटीला नीट पचत नाही. म्हणून ती शेती करते. अर्धवट पचलेला चोथा वारुळाच्या पोटात रचून त्यावर एक खास बुरशी वाढवते आणि बुरशीने मऊ झालेला तो चोथा पुन्हा खाते. पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी ही त्याच बुरशीची. (ओळख पक्की नसेल तर रानातली अळंबी खाऊ नये.) तंजावर भागातल्या वारुळांमधली ही बुरशी योहान कोनिग या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी १७७९ मध्येच नोंदवून ठेवली आहे.

आत एवढे जीव, वर बुरशी. सगळ्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. बाहेरून तर एकही खिडकी दिसत नाही. आपल्याकडच्या कंगोरेदार वारुळांवर बंगळुरूत झालेलं संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात याचा उलगडा होतो. दिवसा उन्हाने बाहेरचे कंगोरे तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि हवेचा प्रवाह उलटा फिरतो. भिंतीची माती सच्छिद्र असल्याने कोंडलेला वायू तिच्यातून बाहेर पडतो. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक, बस्स, एवढ्यावर हे चालतं!

उसाला, कोवळ्या रोपांना वाळवी लागते, तिथे बंदोबस्त करावाच लागतो. पण पिकापासून लांबचं वारूळ जेसीबी लावून सपाट करणं मला पटत नाही. नाग स्वतः वारूळ बांधत नाही. ओसाड पडलेल्या वारुळात तो आयता राहायला येतो, धामणही येते. आणि दोघांच्याही खाण्यात शेतातले उंदीर असतात.