घरगुती संगणकावर ऑब्जेक्ट कसे पोचले

कमोडोर ६४ किंवा झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकांसाठी ऑब्जेक्ट ओरिएंटेड (म्हणजे माहिती आणि तिच्यावर करायची कामं एकत्र बांधून ‘ऑब्जेक्ट’ बनवणारी) प्रोग्रॅमिंग भाषा शोधायला बसलं, की बेसिक मिळतं, फोर्थ मिळतं, पास्कल, लोगो, अगदी सीसुद्धा मिळते. ऑब्जेक्ट मात्र जवळपास नाहीतच. त्यावरून ही कल्पनाच त्या काळी नव्हती असं वाटू शकतं, पण तसं नाही. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी सिम्युला ६७ या भाषेत क्लास (ऑब्जेक्टचा साचा), ऑब्जेक्ट आणि इन्हेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेणं) आणले, तेव्हा स्पेक्ट्रम बाजारात यायला अजून पंधरा वर्षं होती. घोडं अडलं होतं ते मेमरीपाशी. त्यातही भाषेला लागणाऱ्या मेमरीपेक्षा भाषेभोवतीच्या पसाऱ्याला लागणाऱ्या मेमरीपाशी.

तो पसारा झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत उभा राहिला. ॲलन के यांच्या गटाच्या स्मॉलटॉक या भाषेत एडिटर, डीबगर, कम्पायलर, खिडक्या, सगळंच ऑब्जेक्ट होतं आणि ते सगळं एकाच जिवंत इमेजमध्ये (मेमरीतल्या सगळ्या ऑब्जेक्टच्या एकत्रित साठ्यात) नांदत होतं. ज्या ऑल्टो यंत्रावर हे घडलं त्यालाही ते झेपत नव्हतं. म्हणून स्मॉलटॉक-७६ साठी टेड केलर यांनी ऊझ नावाची व्यवस्था लिहिली. लागतील तसे ऑब्जेक्ट ती डिस्कवरून मेमरीत आणायची आणि जागा कमी पडली की परत डिस्कवर टाकायची. ऑल्टोला निदान अडीच मेगाबाइटची डिस्क होती. स्पेक्ट्रमवाल्यांकडे कॅसेट.

१९७८ मध्ये पार्कमध्येच नोटटेकर हे उचलून नेता येणारं यंत्र तयार झालं. त्यात इंटेलचे ८०८६ प्रोसेसर होते आणि त्यावर स्मॉलटॉक चालत होतं. म्हणजे मायक्रोप्रोसेसरवर हे जमतं, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण अशी मोजकीच यंत्रं बनली आणि विक्रीला एकही आलं नाही.

आठ बिटांच्या घरगुती संगणकांवर नेमकं काय जड जात होतं? स्मॉलटॉकमध्ये चौकोनाला ‘स्वतःला काढ’ असा मेसेज पाठवला, की प्रोग्रॅम चालू असतानाच आधी त्या ऑब्जेक्टचा क्लास शोधायचा, मग त्या क्लासच्या कोशात ती मेथड (ते काम करणारा कोड) शोधायची, तिथे नसेल तर वरच्या क्लासमध्ये, मग त्याच्याही वरच्या. कमोडोरचा ६५१० प्रोसेसर साधारण एक मेगाहर्ट्झने चालणारा, एका वेळी एकच बाइट हाताळणारा, आणि त्याचा हार्डवेअर स्टॅक जेमतेम २५६ बाइटचा. वर गार्बेज कलेक्शनचा, म्हणजे नको झालेल्या ऑब्जेक्टची जागा आपोआप मोकळी करण्याचा भार. तरीही स्कॉट वॉरन आणि डेनिस ॲबी यांनी १९७९ मध्येच झेड८० या आठ बिटी प्रोसेसरसाठी (पुढे स्पेक्ट्रममध्येही हाच होता) रोझेटा स्मॉलटॉक मांडलं होतं. या धाडसाची नोंद इतिहासात फारच कमी घेतली जाते याची मला खरोखर खंत वाटते.

बाइट मासिकाने ऑगस्ट १९८१ चा अंक स्मॉलटॉकला वाहिला आणि घरी संगणक असलेल्या हजारो लोकांना या भाषेची ओढ लागली. हाती यायला मात्र वेळ लागला. डिजिटॉक कंपनीचं मेथड्स हे स्मॉलटॉक आधी आयबीएम पीसीवर आलं. त्यात चित्रं नव्हती, सगळा कारभार अक्षरांचा. १९८६ च्या स्मॉलटॉक/व्ही मध्ये ग्राफिक्सही आलं. टिमथी बड यांनी तर आणखी काटछाट केली. त्यांच्या लिटल स्मॉलटॉकमधून खिडक्या आणि माउस गेले आणि सीमध्ये लिहिलेला छोटा इंटरप्रीटर उरला. म्हणूनच ते अटारी एसटीसारख्या यंत्रांवर नेता आलं.

दुसरा मार्ग पास्कलचा, आणि माझ्या मते घरोघरी ऑब्जेक्ट पोचले ते याच मार्गाने. ॲपलमध्ये लॅरी टेस्लर यांच्या गटाने निक्लाउस विर्थ यांचा सल्ला घेऊन ऑब्जेक्ट पास्कल बनवलं. १९८९ मध्ये बोरलँडने टर्बो पास्कल ५.५ मध्ये तीच कल्पना पीसीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणली. इथली युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. व्हर्च्युअल मेथड (कुठला कोड चालवायचा हे प्रोग्रॅम चालू असताना ठरतं अशी मेथड) असलेल्या ऑब्जेक्टमध्ये कम्पायलर दोन बाइटचं एक गुप्त फील्ड ठेवतो. त्यात त्या प्रकारच्या मेथड-तक्त्याचा पत्ता असतो. मेथड शोधत फिरायचं नाही, तक्त्यातल्या ठरलेल्या जागेवरून थेट उडी मारायची. हा पत्ता कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट वापरण्याआधी त्याची तयारी करणारी मेथड, भरतो. कन्स्ट्रक्टरला हाक मारायची राहिली, की उडी भलतीकडेच पडते आणि मशिन हँग. त्यावरही उपाय होता. तक्त्याच्या सुरुवातीला ऑब्जेक्टचा आकार आणि लगेच तोच आकार उणे चिन्हाने लिहिलेला असतो. रेंज चेकिंग (कम्पायलरची जादा तपासणीची सोय) चालू असेल तर दोघांची बेरीज शून्य येते का हे आधी तपासलं जातं. नाही आली, तर रनटाइम एरर २१०.

सी++ ची वाटही अशाच तक्त्यांवरून गेली. १९८८ मध्ये झोरटेक आणि १९९० मध्ये टर्बो सी++ हे सी++ चे कम्पायलर पीसीवर आले. महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधून शिकलेल्या अनेकांना टर्बो सी++ ची ती निळी स्क्रीन तोंडपाठ आहे, कारण प्रॅक्टिकलला ती पुढे कितीतरी वर्षं टिकून राहिली. त्याआधी, १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ नावाच्या संगणक-साक्षरता प्रकल्पातून भारतातल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाची भाषा होती बेसिक.

मॅकिंटॉशवर १९८५ च्या सुमारास चार्ल्स डफ यांची निऑन ही भाषा आली. पाया फोर्थचा, वर स्मॉलटॉकच्या धर्तीचे ऑब्जेक्ट. अमिगा या घरगुती संगणकावर १९९० च्या दशकात वाउटर फान ऑर्टमर्सेन यांच्या ई भाषेत ऑब्जेक्टची सोय झाली.

आज हे चालवून बघायचं असेल तर टर्बो पास्कल ५.५ बोरलँडनेच पुढे मोफत खुलं केलं आणि ते डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) व्यवस्थित चालतं. आणि ज्यांना स्पेक्ट्रमच हवा आहे त्यांनी तयार भाषेची वाट बघू नये. झेड८० च्या आयएक्स रजिस्टरमध्ये ऑब्जेक्टचा पत्ता ठेवला, की त्याची फील्ड आयएक्सपासूनच्या अंतराने वाचता येतात. पहिल्या दोन बाइटमध्ये तक्त्याचा पत्ता ठेवायचा, तक्त्यातून मेथडचा पत्ता एचएल या दुसऱ्या रजिस्टरमध्ये घ्यायचा आणि जेपी (एचएल), म्हणजे त्या पत्त्यावर उडी मारण्याची सूचना, द्यायची. टर्बो पास्कलची युक्ती ४८ केबीतही बसते.