प्रादेशिक नवोन्मेष: तिघांच्या भागीदारीची पार्श्वभूमी

१९९० च्या दशकाच्या मध्यावर हेन्री एट्झकोविट्झ आणि लोएट लेडेसडॉर्फ या अभ्यासकांनी ‘ट्रिपल हेलिक्स’ची कल्पना मांडली. सरकार, विद्यापीठ आणि उद्योग हे तिघं आपापल्या चौकटीत न राहता एकमेकांची कामं थोडीथोडी अंगावर घेऊ लागले, की नवं तंत्रज्ञान मूळ धरतं, असा तिचा गाभा. आज ही भाषा धोरणांच्या मसुद्यांत सर्रास आढळते. व्यवहार मात्र सिद्धांताच्या बराच आधीचा, आणि बहुतेक ठिकाणी तो गरजेपोटी सुरू झालेला.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडचंच घ्या. १९२० च्या दशकात तिथल्या कापड गिरण्या स्वस्त मजुरीसाठी दक्षिणेकडच्या राज्यांत निघाल्या होत्या. बाहेरच्या कंपन्यांना सवलती देऊन बोलावणं हा नेहमीचा उपाय. १९३० मध्ये तिथल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचा भर वेगळ्या गोष्टीवर होता: विद्यापीठातल्या संशोधनातूनच नव्या कंपन्या काढायच्या. घोडं अडलं भांडवलापाशी. बँका तारण मागणार, आणि प्रयोगशाळेतल्या कल्पनेला तारण कसलं? १९४६ मध्ये ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही गुंतवणूक संस्था निघाली. कॉम्प्टन तिच्या संस्थापकांत होते. सूत्रं हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांच्या हाती आली. १९५७ मध्ये या संस्थेने केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या इंजिनिअरांच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले. दोघंही एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत तयार झालेले, आणि ती लॅब हवाई दलाच्या पैशावर चालायची. कंपनीने बस्तान बसवलं ते मेनार्ड गावातल्या एका जुन्या लोकरीच्या गिरणीत. पैसा संरक्षण खात्याचा, माणसं विद्यापीठातली, जोखीम खासगी भांडवलाची आणि छप्पर गेलेल्या उद्योगाचं. असा आराखडा कुणी कागदावर आखला नव्हता.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची अडचण निराळी. जमीन भरपूर, पण संस्थापकांनी घातलेल्या अटीमुळे ती विकता येईना. म्हणून १९५१ पासून ती तंत्रज्ञान कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळू लागली, आणि तिथे कंपन्यांचं ‘इंडस्ट्रियल पार्क’ उभं राहिलं. तिथले अभियांत्रिकीचे डीन फ्रेडरिक टर्मन यांच्या काळात आणखी एक सोय झाली: आसपासच्या कंपन्यांतल्या इंजिनिअरांना नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घेता येऊ लागलं. दिवसा कंपनीत अडलेला प्रश्न वर्गात पोहोचायचा आणि वर्गातली नवी माहिती कंपनीत. जगभर नक्कल झाली ती मात्र पार्कची. इमारत दाखवता येते, उद्घाटनाची फीत कापता येते; माणसांची ये-जा फोटोत येत नाही.

जपानने १९६० च्या दशकात सुकुबा हे विज्ञाननगर आखलं आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा तिकडे हलवल्या. संशोधन दर्जेदार झालं, पण कंपन्यांनी यायला बराच वेळ घेतला. नॉर्थ कॅरोलायनात तीन विद्यापीठांच्या मधल्या जागेत १९५९ मध्ये उभा राहिलेला ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ही सुरुवातीची वर्षं रिकामाच वाटत होता. १९६५ मध्ये आयबीएमने तिथे येण्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे चित्र पालटलं.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण माझ्या मते तैवानचं. तिथे सरकारने १९७३ मध्ये ‘इट्री’ ही औद्योगिक संशोधन संस्था काढली. ती विद्यापीठ नव्हे आणि कंपनीही नव्हे, दोघांच्या मधली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याचं तंत्रज्ञान परवान्यावर घेतलं आणि तरुण इंजिनिअरांची तुकडी ते शिकायला तिकडे धाडली. परत येऊन त्यांनी संस्थेतच प्रायोगिक उत्पादन चालवलं. १९८० मध्ये त्यातून यूएमसी ही चिप बनवणारी कंपनी बाहेर पडली. त्याच वर्षी दोन विद्यापीठांच्या शेजारी सिंचू सायन्स पार्क सुरू झालं. १९८७ मध्ये टीएसएमसी ही आणखी एक चिप बनवणारी कंपनी निघाली. जवळपास निम्मं भांडवल सरकारचं, मोठा वाटा डच कंपनी फिलिप्सचा, आणि प्रमुख म्हणून इट्रीचेच अध्यक्ष मॉरिस चँग. सरकारने नुसतं अनुदान वाटलं नाही. शिकलेली माणसं संस्थेबाहेर जाऊ दिली, तीही अख्ख्या तुकड्यांनी. सरकारी संस्था सहसा याच्या नेमकं उलट वागतात.

कायद्याच्या अंगाने मोठा बदल झाला तो अमेरिकेत १९८० मध्ये. बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांना ठेवता येऊ लागले, आणि हे शोध कंपन्यांना परवान्यावर देणाऱ्या तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयांचं पेव फुटलं. त्यांतल्या अनेकांचा खर्चही परवान्यांच्या उत्पन्नातून सुटत नाही, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. युरोपीय संघाने २०१४ नंतर वेगळी वाट धरली: संशोधन आणि नवोन्मेषासाठी प्रादेशिक निधी हवा असेल तर प्रत्येक प्रदेशाने आपली मोजकी बलस्थानं आधी ठरवायची, तीही उद्योग आणि विद्यापीठांना सोबत घेऊन.

अमेरिकेच्या २०२२ च्या ‘चिप्स अँड सायन्स’ कायद्यात प्रादेशिक तंत्रज्ञान केंद्रांसाठी पाच वर्षांत १० अब्ज डॉलरला मंजुरी आहे. प्रत्यक्षात सुरुवातीला हाती आले ते ५० कोटी. २०२३ मध्ये ३१ केंद्रांची निवड झाली. तैवानला इट्रीपासून टीएसएमसीपर्यंत यायला १४ वर्षं लागली होती.