परदेशी गेलेल्या पणजोबांचा कागद कसा मागवायचा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दारव्हा-दिग्रसकडं, अंजनगाव-परतवाड्याकडं काही घरांत अजून एक गोष्ट सांगतात. आजोबांचा थोरला भाऊ शिकायला म्हणून मुंबईला गेला, तिथून बोटीत बसला. चार-दोन पत्रं आली, मग काहीच नाही. त्याचा फोटो देवघराशेजारी असतो, पण तिथी कोणाला माहीत नसते, म्हणून सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान वाढतात.

असा माणूस अमेरिकेत राहिला असेल, तर तिथल्या सरकारकडं त्याचा कागद असण्याची चांगली शक्यता आहे. तो कागद गावात बसून, रीतसर फी भरून मागवता येतो. त्यासाठी अमेरिकेचा नागरिक असावं लागत नाही, तिथं कोणी ओळखीचं असावं लागत नाही आणि एजंटही लागत नाही. आम्ही अर्ज भरून देतो, जुने कागद वाचून देतो. पण आमच्याकडं येण्याआधी घरच्या घरी बरंच काम होण्यासारखं आहे. ते झालं नाही तर पैसे वाया जातात, म्हणून हे पत्रक सविस्तर लिहिलं आहे.

आधी संदूक उघडा

तिकडचं कार्यालय नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांवरून शोध घेतं. या तीन गोष्टी पक्क्या केल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

सुरुवातीला आमच्याच हातून एक चूक झाली. एका कुटुंबानं शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणला होता, त्यावर १ जुलै ही तारीख होती. आम्ही तीच अर्जात लिहिली. उत्तर आलं, नोंद नाही. फी गेली ती गेलीच. मग त्यांनी तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढली, तर जन्माचं सालच दोन वर्षं मागचं निघालं. १ जुलै ही गुरुजींनी शाळेच्या सोयीनं लिहिलेली तारीख होती. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर ती किती जणांची आहे, हे तुम्हालाही ठाऊक असेल. तेव्हापासून आम्ही कोतवाल बुक पाहिल्याशिवाय अर्ज पाठवत नाही.

कोतवाल बुकात पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच असतं. तेवढंही पुरतं. पत्रिका असेल तर ती जरूर आणा. तिच्यावर शके असतो, त्यात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं. शके १८२७ चा चैत्र म्हणजे १९०५. जन्म पौषानंतरचा असेल तर ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. घरी काहीच नसेल तर गयेच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत कोणी कधी नावं लिहवली होती का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. घराण्याची वंशावळ सांगणारा भाट अजून येत असेल तर त्यालाही विचारा.

पत्रं टाकून देऊ नका, रिकामी पाकिटंही ठेवा. एक आजी कापडी पिशवीत फक्त एक पाकीट घेऊन आल्या होत्या, आतलं पत्र कधीच हरवलं होतं. तिकीट अर्धं फाटलेलं, शिक्का पुसट. भिंगानं पाहिलं तर शिक्क्यात स्टॉकटन, कॅलिफोर्निया आणि १९३८ एवढं वाचता आलं. शोधाला दिशा मिळायला तेवढं पुरे झालं. का, ते पुढं येतंच.

कोणता कागद असेल, हे कायद्यानं ठरलं

अमेरिकेनं १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरांना दार बंद केलं. विद्यार्थी, व्यापारी अशा थोड्याच लोकांना वाट राहिली. फेब्रुवारी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकाल दिला. आधी ज्यांना मिळालं होतं, त्यांतल्या अनेकांचं काढून घेण्यात आलं. ही बंदी १९४६ च्या कायद्यानं उठली, तीही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासह.

म्हणून १९२३ ते १९४६ या काळात तिथं राहिलेल्या आपल्या माणसाची नागरिकत्वाची फाइल शोधण्यात सहसा अर्थ नसतो. लोक नेमकी तीच मागतात. तिला सी-फाइल म्हणतात. तिचा काळ २७ सप्टेंबर १९०६ ते ३१ मार्च १९५६ असा आहे. १९४६ नंतर नागरिक झालेल्याची ती मिळू शकते. १९२३ आधी नागरिकत्व मिळून नंतर रद्द झालं असेल, तर तीही जरूर मागावी. बाकीच्यांसाठी खरा आधार दुसरा आहे.

१९४० मध्ये अमेरिकेनं कायदा केला की देशात राहणाऱ्या, नागरिक नसलेल्या १४ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकानं जवळच्या टपाल कचेरीत जाऊन नोंदणी करायची आणि बोटांचे ठसे द्यायचे. शेतावर राबणारा असो की कॉलेजात शिकवणारा, दोघांनाही सूट नव्हती. त्या दोन पानी फॉर्मचं नाव एआर-२. ऑगस्ट १९४० ते मार्च १९४४ मधले हे फॉर्म मायक्रोफिल्मवर जपलेले आहेत. नाव, देशात येताना वापरलेलं नाव, पत्ता, जन्माची तारीख आणि गाव, उंची, वजन, कोणत्या बोटीनं कोणत्या बंदरात उतरला, काम काय करतो, कोणत्या संघटनेत आहे, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. खाली सही असते. फोटोखेरीज ज्याचं काहीच घरात उरलेलं नाही, त्याच्या हातची सही पाहणं ही मोठी गोष्ट आहे.

आता त्या आजींच्या पाकिटाचं महत्त्व लक्षात येईल. १९३८ मध्ये माणूस कॅलिफोर्नियात होता, नागरिक होणं शक्य नव्हतं. तो १९४० मध्येही तिथंच आणि हयात असेल तर त्यानं एआर-२ भरलाच असणार.

१ एप्रिल १९४४ पासून परकीय माणसाची स्वतंत्र फाइल उघडायला सुरुवात झाली, ती ए-फाइल. याशिवाय १९२४ ते १९४४ च्या व्हिसा फाइल आणि १९२९ ते १९४४ च्या रजिस्ट्री फाइल, म्हणजे ज्यांच्या येण्याची नोंद सापडली नव्हती त्यांच्या फाइल, आहेत. आपल्या भागातल्या माणसाच्या बाबतीत त्यांचा उपयोग कमी होतो.

नाव आणि गाव कसं लिहिलं गेलं असेल

इथं खरी अडचण येते. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. तिकडच्या कारकुनानं कधी वडिलांचं नावच आडनाव धरलं, कधी ‘राव’ हे आडनाव झालं. त्यामुळं एकाच माणसाचे चार-पाच प्रकार अर्जात द्यावे लागतात आणि तशी सोय अर्जात आहे.

गावाचंही तेच. जुन्या इंग्रजी कागदांत अचलपूर एलिचपूर होतं, यवतमाळ येओटमल, चंद्रपूर चांदा, अमरावती उमरावती. प्रांत म्हणून कधी बेरार, कधी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, कधी नुसतं ब्रिटिश इंडिया. आणि तिथल्या १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत हिंदी माणसाचा वंश ‘हिंदू’ असा लिहीत, मग तो शीख असो, मुसलमान असो की ख्रिस्ती. तो शब्द पाहून ‘हा आमचा नव्हे’ असं ठरवू नका.

माणूस एकाच देशात राहिला, असंही धरून चालू नका. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेती शिकले, गदर चळवळीत होते, पुढं मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते, आणि शेवटी १९६७ मध्ये नागपुरात वारले. अशा माणसाचे कागद तीन-चार देशांत विखुरलेले असतात. विलायतमार्गे गेलेल्यांसाठी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात १८७८ ते १९६० या काळातल्या, तिथं उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या आहेत. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला कोणी गेलं असेल तर तिथले जुने कागद मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत.

अर्ज आणि खर्च

अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन सेवेचा, म्हणजे यूएससीआयएसचा, वंशावळ शोधणाऱ्यांसाठी वेगळा विभाग २००८ पासून आहे. काम दोन टप्प्यांत चालतं. आधी जी-१०४१ हा अर्ज, म्हणजे या माणसाची कोणती फाइल आहे आणि तिचा नंबर काय, याची तपासणी. नंबर मिळाला की जी-१०४१ए, म्हणजे त्या फाइलची नक्कल. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरानं ऑनलाइन अर्जाला प्रत्येकी ३० डॉलर आणि कागदी अर्जाला प्रत्येकी ८० डॉलर पडतात. कागदी अर्ज करण्यात काहीच फायदा नाही. भरण्याच्या दिवशी चालू दर तुमच्यासमोर स्क्रीनवर उघडून दाखवू आणि तुमच्याच कार्डानं भरू. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहे का, हे बँकेत विचारून या. नोंद सापडली नाही तरी तपासणीची फी परत मिळत नाही.

माणसाचा जन्म शंभर वर्षांपूर्वीचा असेल तर मृत्यूचा पुरावा मागत नाहीत. त्यानंतरचा असेल तर द्यावा लागतो. ए-फाइलमधले मे १९५१ पासूनचे कागद या मार्गानं मिळत नाहीत, त्यासाठी त्यांच्या माहितीच्या कायद्याखाली वेगळा अर्ज आहे. तोही आम्ही भरून देतो.

पैसे भरण्याआधी एक फुकटचं काम आम्ही नेहमी करतो. शंभर वर्षांपूर्वी जन्मलेल्यांच्या कित्येक ए-फाइल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडं, कॅन्सस सिटी आणि सॅन ब्रुनो इथं गेल्या आहेत. त्यांची सूची ऑनलाइन मोफत पाहता येते. तिथं नाव निघालं तर तपासणीचे ३० डॉलर वाचतात.

उत्तराला महिनोन् महिने लागतात. लवकर काढून देतो असं कोणी म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका. या नकलांवर व्हिसा मिळत नाही. सातबारावर वारस लावायलाही त्या पुरत नाहीत, त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्या.

आमची फी प्रत्येक अर्जामागं ५०० रुपये. कागद पाहणं, नावांचे प्रकार काढणं आणि सूचीत शोधणं याचे पैसे घेत नाही. येताना मूळ कागद आणा, झेरॉक्सवर पुसट शिक्के दिसत नाहीत. आम्ही ते तुमच्यासमोर फोटो काढून लगेच हातात परत देतो. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत येऊ शकलं तर फार बरं, नाहीतर फोनवर तरी बोलणं करून द्या. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तो दिवस सोडून दुपारी दोननंतर या.